रेशमाच्या तंतूवर प्रथिन किती बसले? पीएच.डी.च्या प्रयोगासाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

जैविक पदार्थावर प्रथिन किती बसते हे मोजण्याची सर्वांत प्रचलित रीत वजाबाकीची आहे. सुरुवातीच्या द्रावणाची संहती घ्यायची, तंतूंसोबत हलवल्यानंतर द्रावणात उरलेली संहती तीतून वजा करायची, आलेल्या फरकाला द्रावणाच्या आकारमानाने गुणायचे आणि तंतूंच्या वजनाने भागायचे. या सूत्रात एक गृहीत दडलेले आहे: द्रावणातून जे प्रथिन नाहीसे झाले ते सगळे तंतूंवरच गेले. प्रत्यक्षात ते नळीच्या भिंतीला चिकटते, फेसात विघटते, गाळणीत अडकते, साका होऊन खाली बसते किंवा जिवाणूंच्या पोटात जाते. उलट तंतूंमधूनच काही प्रथिने सुटून द्रावणात आली, तर हिशेब दुसऱ्या बाजूला चुकतो. म्हणून पुढील टप्प्यांमध्ये मुख्य प्रयोगापेक्षा त्याच्या आधीच्या तयारीला अधिक जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून तुतीच्या रेशमाचा तंतू आणि कोंबडीच्या अंड्यातील लायसोझाइम हे प्रथिन ही जोडी घेतली आहे. जालना आणि बीडच्या कोष बाजारांमुळे मराठवाड्यातील प्रयोगशाळांना कोष सहज मिळतात. लायसोझाइम शुद्ध स्वरूपात विकत मिळते आणि त्याचे गुणधर्म नीट ज्ञात आहेत. पदार्थ कापूस किंवा कायटोसान असला, तरी टप्प्यांचा क्रम हाच राहील.

टप्पा १: प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्यापूर्वीची आकडेमोड

आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे) आराखडा मांडण्यापूर्वी अर्धा तास कागदावर घालवावा. बहुतेक प्रयोग इथेच फसलेले असतात आणि ते पुढे वर्षभराने लक्षात येते.

रेशमाच्या तंतूचा व्यास सुमारे १२ मायक्रोमीटर आणि घनता सुमारे १.३५ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरू. गुळगुळीत दंडगोलाचे प्रति ग्रॅम पृष्ठफळ म्हणजे चार भागिले घनता व व्यास यांचा गुणाकार. ते सुमारे ०.२५ चौरस मीटर येते. लायसोझाइमच्या रेणूंचा एक पूर्ण थर एका चौरस मीटरवर साधारण २ मिलिग्रॅम भरतो. म्हणजे एक ग्रॅम अखंड तंतूवर एका थरात जेमतेम ०.५ मिलिग्रॅम प्रथिन मावेल.

आता नेहमीची मांडणी पाहा. १०० मिलिग्रॅम तंतू, २ मिलिलिटर द्रावण आणि ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर संहती. द्रावणात एकूण १ मिलिग्रॅम प्रथिन आहे आणि तंतूवर मावणार आहे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे संहतीत घट फक्त ५ टक्के. दोन्ही रीडिंगमध्ये प्रत्येकी २ टक्के अनिश्चितता असेल, तर वजाबाकीतील अनिश्चितता सुरुवातीच्या संहतीच्या जवळजवळ ३ टक्के होते. पाच टक्क्यांची घट तीन टक्क्यांच्या अनिश्चिततेतून मोजल्याने काहीही सिद्ध होत नाही. तेच तंतू ०.०५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर संहतीत ठेवले, तर द्रावणात ०.१ मिलिग्रॅम प्रथिन असते आणि घट ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ही घट विश्वासाने मोजता येते.

संहती, तंतूंचे वजन आणि आकारमान असे निवडावे की अपेक्षित घट २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान पडेल.

तपासणी: अखंड तंतूवर प्रति ग्रॅम ५० किंवा ८० मिलिग्रॅम असे उत्तर आले, तर ते शंभर किंवा त्याहून अधिक थरांइतके होते. असा आकडा प्रबंधात जाण्यापूर्वी साका, गळती आणि आकारमानाची चूक या तिन्ही शक्यता निकालात काढाव्यात. सच्छिद्र स्पंज किंवा बारीक भुकटीचे पृष्ठफळ कितीतरी जास्त असते, त्यामुळे त्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. तिथे पृष्ठफळ मोजूनच पुढे जावे.

टप्पा २: कोष निवडणे आणि सेरिसिन काढणे

संपूर्ण प्रबंधाला पुरतील इतके कोष एकाच लॉटमधून घ्यावेत आणि खरेदीची तारीख व वाण वहीत नोंदवावे. बाजारातील कोषांत प्यूपा जिवंत असतो, म्हणून ते लगेच गरम हवेत वाळवावेत. वेळ दवडल्यास पतंग कोष फोडून बाहेर येतो आणि त्याच्या स्रावाने आतील तंतू डागाळतात. असे कोष बाजूला काढावेत.

कोषाच्या वजनापैकी साधारण २० ते ३० टक्के सेरिसिन हे चिकट, पाण्यात विरघळणारे प्रथिन असते. ते काढण्याची रूढ रीत अशी: प्यूपा काढून टाकलेल्या ५ ग्रॅम कोषांचे तुकडे २ लिटर उकळत्या ०.०२ मोलर सोडियम कार्बोनेटमध्ये ३० मिनिटे ठेवावेत, नंतर थंड शुद्ध पाण्याने निदान तीन वेळा प्रत्येकी २० मिनिटे धुवावेत आणि हवेवर वाळवावेत. २ लिटरसाठी निर्जल सोडियम कार्बोनेट ४.२४ ग्रॅम लागते. बाटलीवर दहा पाण्याचे रेणू असलेले स्फटिक असा उल्लेख असेल, तर मात्र ११.४४ ग्रॅम घ्यावे. बाटलीवरचे हे बारीक अक्षर वाचण्याचे राहून जाते आणि संहती निम्म्याहूनही कमी होते.

सावधान: या कामासाठी बोअरचे पाणी वापरू नये. आपल्याकडील भूजल बहुधा जड असते. कार्बोनेटसोबत उकळताना त्यातील कॅल्शियमचे पांढरे कण तंतूंवर बसतात आणि पुढे फॉस्फेट बफरमध्येही (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातही) गढूळपणा आणतात. डिस्टिलेशनच्या भांड्यात क्षार साचले असतील, तर ते आधी साफ करावे आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजून मगच ते वापरावे.

अर्धा तास उकळणे पुरेसे असते. ‘अजून स्वच्छ व्हावे’ म्हणून दोन तास उकळल्यास फायब्रॉइनच्या, म्हणजे रेशमाच्या तंतूतील मुख्य प्रथिनाच्या, साखळ्या तुटतात आणि तुटलेले तुकडे पुढे आठवडाभर द्रावणात झिरपत राहतात.

तपासणी १: वाळल्यावर वजनातील घट एक चतुर्थांशाच्या आसपास असावी. ती १५ टक्क्यांवर थांबली असेल, तर सेरिसिन शिल्लक आहे. सेरिसिनवर ऋणभार असतो आणि लायसोझाइमवर धनभार, त्यामुळे उरलेले सेरिसिन लायसोझाइमला ओढून घेते आणि फायब्रॉइनच्या नावावर भलताच आकडा लागतो.

तपासणी २: १०० मिलिग्रॅम तंतू प्रथिनाविना २ मिलिलिटर बफरमध्ये रात्रभर हलवून द्रावणाचा २८० नॅनोमीटरवरील ॲब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषते याचे माप) घ्यावा. फायब्रॉइनमध्ये टायरोसिन भरपूर असते, त्यामुळे सुटलेले तुकडे याच तरंगलांबीवर लायसोझाइमची बतावणी करतात. रीडिंग ०.०१ च्या खाली येईपर्यंत बफर बदलून धुवावे. या तपासणीला फाटा दिल्यावरच प्रबंधांमध्ये ‘ऋण ग्रहण’ (तंतूवर शून्याहूनही कमी प्रथिन बसले) अशी विचित्र मूल्ये दिसू लागतात.

टप्पा ३: वजन आणि ओलावा

रेशीम हवेतील ओलावा धरून ठेवते. दमट हवेत हा ओलावा वजनाच्या दहा टक्क्यांच्या पुढे जातो. मे महिन्यातील कोरड्या दुपारी तोललेले १०० मिलिग्रॅम आणि ऑगस्टच्या पावसात तोललेले १०० मिलिग्रॅम यांत रेशीम सारखे नसते. तंतू डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवून, बाहेर काढताच तोलावेत आणि प्रत्येक लॉटमधील एक नमुना १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवून कोरड्या वजनाचा गुणक काढावा.

कोरडा तंतू थेट प्रथिनाच्या द्रावणात टाकू नये. तो आधी पाणी पितो; प्रथिनाचा मोठा रेणू त्या वेगाने आत जात नाही आणि बाहेरची संहती वाढल्यासारखी दिसते. तंतू १ मिलिलिटर मोजलेल्या बफरमध्ये रात्रभर भिजवावेत आणि दुसऱ्या दिवशी त्यातच दुप्पट संहतीचे १ मिलिलिटर प्रथिनद्रावण घालावे. भिजवलेले बफर ओतून देऊन नवे घालण्याची सवय सोडावी, कारण तंतूंमध्ये किती द्रव अडकून राहिला हे कळत नाही.

टप्पा ४: प्रथिन आणि बफर

लायसोझाइमचे रेणूवस्तुमान सुमारे १४.३ किलोडाल्टन आणि समविद्युत बिंदू (ज्या पीएचला रेणूवरचा एकूण भार शून्य होतो तो) ११ च्या आसपास आहे. फायब्रॉइनचा समविद्युत बिंदू ४ च्या आसपास असतो. म्हणून पीएच ७ ला दोघांचे भार विरुद्ध असतात. तुलनेसाठी बीएसए (गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन) घेतल्यास त्याचे रेणूवस्तुमान सुमारे ६६.५ किलोडाल्टन आणि समविद्युत बिंदू सुमारे ४.७ असल्याने पीएच ७ ला ते तंतूप्रमाणेच ऋणभारित असते. ही दोन प्रथिने शेजारी शेजारी तपासल्यास विद्युतभाराचा वाटा किती हे लवकर उमगते.

प्रथिनाची संहती तोललेल्या भुकटीवरून धरू नये, कारण भुकटीत क्षार आणि पाणी असते. द्रावण करून २८० नॅनोमीटरवर मोजावे. १ सेंटीमीटर मार्गासाठी १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर लायसोझाइमचा ॲब्सॉर्बन्स सुमारे २.६४ आणि बीएसएचा सुमारे ०.६७ असतो. क्युव्हेट क्वार्ट्झचेच हवे. साधी काच आणि सामान्य प्लास्टिक या तरंगलांबीचा प्रकाश स्वतःच गिळतात. प्रत्येक नमुन्याचे ३२० नॅनोमीटरवरही रीडिंग घ्यावे. तिथे प्रथिनाचा ॲब्सॉर्बन्स नसतो. रीडिंग आलेच तर ते गढूळपणाचे असते.

बफरचा पीएच प्रयोग ज्या तापमानाला होणार त्याच तापमानाला लावावा. ट्रिस या प्रचलित बफरचा पीएच दर अंशामागे सुमारे ०.०२८ ने घसरतो. एसी असलेल्या खोलीत २५ अंशांना लावलेला बफर ४० अंशांच्या खोलीत वापरला, तर पीएच ०.४ ने खाली गेलेला असतो. फॉस्फेट याबाबतीत बरेच स्थिर आहे.

उन्हाळ्यात चोवीस तासांच्या प्रयोगात जिवाणू वाढतात, म्हणून ०.०२ टक्के सोडियम ॲझाइड घालावे आणि ते ब्लँकमध्येही (प्रथिन नसलेल्या तुलनेच्या द्रावणातही) तितकेच घालावे.

सावधान: सोडियम ॲझाइड विषारी आहे. आम्लधर्मी बफरमध्ये ते कधीही घालू नये, त्यातून विषारी हायड्रॅझोइक आम्ल सुटते. उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नये. तांब्याच्या किंवा शिशाच्या नळांमध्ये स्फोटक संयुगे साचू शकतात.

टप्पा ५: कंट्रोल नळ्या

हा टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो आणि परीक्षक नेमके इथेच बोट ठेवतात. प्रत्येक संहतीला तीन प्रकारच्या नळ्या लागतात: प्रथिन आणि तंतू दोन्ही असलेली, फक्त प्रथिन असलेली आणि फक्त तंतू असलेली. तिन्ही एकाच वेळी, एकाच शेकरवर, तितकाच वेळ हलवाव्यात.

वजाबाकीसाठी सुरुवातीची संहती म्हणून बाटलीतील द्रावणाचे रीडिंग न घेता फक्त प्रथिन असलेल्या नळीचे प्रयोगाअखेरचे रीडिंग घ्यावे. त्यामुळे भिंतीवर बसलेले आणि हलवताना नष्ट झालेले प्रथिन बऱ्याच अंशी आपोआप हिशेबाबाहेर राहते. हे नुकसान किरकोळ नसते. २ मिलिलिटरच्या नळीची भिजणारी भिंत सुमारे १० चौरस सेंटीमीटर असते आणि तिच्यावर एका थरात ०.००२ मिलिग्रॅम प्रथिन बसू शकते. संहती ०.०५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर हे एकूण प्रथिनाच्या २ टक्के होते, ०.०२ असेल तर ५ टक्के. काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार असल्याने लायसोझाइम काचेला विशेष चिकटते, म्हणून पॉलिप्रोपिलीनच्याच नळ्या वापराव्यात.

फक्त तंतू असलेल्या नळीचे रीडिंग मुख्य नळीच्या रीडिंगमधून वजा करावे, कारण तिथे झिरपलेले फायब्रॉइन दिसते.

तीन पुनरावृत्ती म्हणजे एकाच नळीची तीन रीडिंग नव्हेत. तंतू तीनदा वेगळे तोलावेत, तीन वेगळ्या नळ्या भराव्यात.

टप्पा ६: वेळेचा आलेख, आणि त्यानंतरच आयसोथर्म

आधीच्या एखाद्या शोधनिबंधात दोन तास हलवले होते म्हणून आपणही दोन तास हलवावे, हा आधार पुरेसा नाही. प्रथम एकाच संहतीवर ५, १५, ३०, ६०, १२०, २४० मिनिटे आणि २४ तास अशा वेळा तपासाव्यात. प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र नळी ठेवावी; एकाच नळीतून पुन्हा पुन्हा नमुना काढला की द्रावण कमी होत जाते आणि द्रावण व तंतू यांचे प्रमाण बदलते.

नळ्या सावकाश उलटसुलट फिरवाव्यात. जोरात हलवल्यास फेस येतो आणि हवेच्या सीमेवर प्रथिनाची घडी उलगडते. शेवटी तंतू खाली बसू द्यावेत किंवा सेंट्रिफ्यूज करून वरचे निवळ द्रावण घ्यावे. सिरिंज फिल्टर टाळता आला तर उत्तमच. नायट्रोसेल्युलोजची गाळणी तर प्रथिन धरण्यासाठीच प्रसिद्ध आहे.

सावधान: रात्रीतून वीज गेली आणि शेकर थांबला, तर तो संच बाद समजावा. शेकरला यूपीएस नसेल तर दीर्घ प्रयोग दिवसा लावावेत आणि त्या खोलीतील तापमानाची नोंद दर दोन तासांनी करावी.

समतोलाला लागणारी वेळ हाती आल्यावर ०.०२ ते ०.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या पट्ट्यात आठ संहती निवडून आयसोथर्म (एकाच तापमानाला संहतीनुसार ग्रहण कसे बदलते याचा आलेख) करावा. आडव्या अक्षावर समतोलानंतर द्रावणात उरलेली संहती घ्यावी, सुरुवातीची घेऊ नये. पट्ट्याच्या खालच्या टोकाला २८० नॅनोमीटरचे रीडिंग फार लहान पडते, तिथे ट्रिप्टोफॅनची फ्लुओरेसन्स उपयोगी पडते. लायसोझाइमच्या रेणूत सहा ट्रिप्टोफॅन आहेत. वरच्या टोकाला घटच लहान होते, म्हणून पुढचा टप्पा अत्यावश्यक आहे.

टप्पा ७: तंतूवरचे प्रथिन उतरवून मोजणे

निवळ द्रावण काढल्यावर तंतू बफरने एकदा हलकेच धुवावेत, धुतलेले पाणी वेगळे मोजावे आणि मग १ टक्का एसडीएसमध्ये (एका तीव्र डिटर्जंटमध्ये) प्रथिन उतरवावे. एसडीएस असताना रंगावरून प्रथिन मोजण्याची ब्रॅडफर्ड पद्धत चालत नाही. तशीच दुसरी पद्धत, बीसीए, चालते आणि तिचे रीडिंग ५६२ नॅनोमीटरवर घेतात. प्रमाण वक्र त्याच एसडीएसमध्ये आणि लायसोझाइमचाच काढावा. बीएसएवर काढलेल्या वक्रावरून लायसोझाइम मोजल्यास उत्तर सरकते. फक्त तंतू असलेल्या नळीलाही एसडीएसचा तोच उपचार द्यावा, कारण एसडीएस उरलेसुरले सेरिसिनही ओढून काढते.

तपासणी: द्रावणात उरलेले, धुण्यात गेलेले आणि तंतूवरून उतरलेले या तिघांची बेरीज फक्त प्रथिन असलेल्या नळीशी जुळते का ते पाहावे. ती ९० ते ११० टक्क्यांत असेल तर पुढे जावे. बेरीज सातत्याने कमी पडत असेल, तर काही प्रथिन उतरतच नाही किंवा कुठेतरी साका होत आहे. ते शोधल्याशिवाय आलेख काढू नयेत.

टप्पा ८: परस्परक्रिया ओळखणे

आयसोथर्मवर लँगम्यूरचे (एकाच थराचे गृहीत धरणारे) समीकरण नीट बसले, म्हणजे एकच थर आणि एकसारख्या जागा सिद्ध झाल्या, असे विधान प्रबंधांत वारंवार आढळते आणि ते चूक आहे. वेगवेगळ्या यंत्रणांमधून त्याच आकाराचा वक्र येऊ शकतो. हीच गोष्ट ग्रहणाचा वेग सांगणाऱ्या छद्म द्वितीय कोटीच्या गतिसमीकरणाची: त्याच्या सरळरेषी आलेखात दोन्ही अक्षांवर वेळ असल्यामुळे सहसंबंध जवळपास नेहमीच ०.९९ दिसतो, आणि त्यावरून ‘रासायनिक अधिशोषण’ (रासायनिक बंधाने चिकटणे) असा निष्कर्ष काढता येत नाही. समीकरणे मूळ वक्र रूपातच बसवावीत, मूल्यांसोबत अनिश्चितता द्यावी.

यंत्रणेबद्दल बोलायचे असेल तर परिस्थिती बदलून पाहावी लागते. सर्वांत उपयुक्त प्रयोग मिठाचा आहे. १० मिलिमोलर आयनी तीव्रतेला (द्रावणातील आयनांच्या प्रमाणाला) विद्युतभाराचा प्रभाव सुमारे ३ नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो, १५० मिलिमोलरला ०.८ नॅनोमीटरपर्यंत आणि १ मोलरला केवळ ०.३ नॅनोमीटरपर्यंत. सोडियम क्लोराइड वाढवत नेल्यावर ग्रहण घटले तर भारांचे आकर्षण प्रमुख होते. काही ग्रहण १ मोलरलाही टिकून राहिले तर त्या भागात जलविरोधी संपर्क किंवा हायड्रोजन बंध असण्याची शक्यता आहे. पीएच बदलताना बफर बदलतो आणि त्यासोबत आयनी तीव्रताही बदलते, म्हणून मीठ घालून ती सगळीकडे सारखी करावी. नाहीतर पीएचच्या नावाखाली मिठाचाच परिणाम मोजला जातो.

उलट दिशाही तपासावी. समतोलानंतर द्रावण ताज्या बफरने पातळ करावे. प्रथिन सुटून वक्रावर परत आले नाही, तर क्रिया त्या कालावधीत उलटगामी नाही आणि लँगम्यूरच्या स्थिरांकावरून मुक्त ऊर्जा काढण्याला आधार उरत नाही. ती काढण्याइतकी परिस्थिती अनुकूल असली, तरी स्थिरांक लिटर प्रति मिलिग्रॅममध्ये ठेवून लॉगॅरिदम घेऊ नये. आधी तो लिटर प्रति मोलमध्ये आणावा आणि प्रमाण स्थिती कोणती धरली ते लिहावे.

एफटीआयआरबद्दल (अवरक्त वर्णपटाच्या तंत्राबद्दल) स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. प्रति ग्रॅम ०.५ मिलिग्रॅम म्हणजे नमुन्याच्या वजनाच्या ०.०५ टक्के प्रथिन. रेशीम स्वतः प्रथिन असल्याने त्याचा अमाइड पट्टा १६०० ते १७०० प्रति सेंटीमीटर या भागात भरगच्च असतो. त्यात ०.०५ टक्क्यांची भर दिसणार नाही, आणि ४ प्रति सेंटीमीटरच्या विभेदनावर घेतलेल्या वर्णपटात २ प्रति सेंटीमीटरची सरक म्हणजे ‘परस्परक्रियेचा पुरावा’ नव्हे. प्रथिनाची घडी बदलली का हे पाहायचे असेल, तर उतरवलेल्या लायसोझाइमची क्रियाशीलता मायक्रोकॉकस या जिवाणूच्या निलंबनावर ४५० नॅनोमीटरला मोजावी. मात्र त्यासाठी प्रथिन मिठाने उतरवावे, कारण एसडीएस घडी स्वतःच मोडते. या चाचणीचा आणखी एक लाभ असा की झिरपलेले फायब्रॉइन तिला फसवू शकत नाही.

फ्लुओरेसन्स शमनाचा (बंधनामुळे प्रथिनाची चमक कमी होण्याचा) प्रयोग करायचा असल्यास उत्तेजन तरंगलांबीवरील ॲब्सॉर्बन्स ०.१ च्या खाली ठेवावा. तो वर गेला की द्रावण स्वतःच प्रकाश अडवते आणि बंधन नसतानाही शमन दिसते. वर्तुळाकार द्विवर्णता (प्रथिनाची घडी पाहण्यासाठी) किंवा समतापी कॅलरीमापन (बंधनाची उष्णता मोजण्यासाठी) यांसारखी उपकरणे विभागात नसतील, तर केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवरून अन्य संस्थांतील उपकरणांसाठी वेळ आरक्षित करता येते. नमुने पाठवण्यापूर्वी त्या उपकरणाला कोणता बफर चालतो ते विचारावे. द्विवर्णतेसाठी क्लोराइड अडचणीचे असते, म्हणून कमी संहतीचा फॉस्फेट बफर घेणे सोयीचे.

टप्पा ९: प्रबंधात काय नोंदवायचे

ग्रहणाचे मूल्य प्रति ग्रॅम आणि प्रति चौरस मीटर अशा दोन्ही रूपांत द्यावे. तंतूंचे कोरडे वजन, नळीचा प्रकार, तापमानाची प्रत्यक्ष नोंद, आयनी तीव्रता, हलवण्याचा वेग आणि तिन्ही प्रकारच्या नळ्यांची मूळ रीडिंग परिशिष्टात सारणीरूपात जोडावीत. जे संच बाद केले ते का बाद केले हेही त्याच सारणीत लिहावे. वहीतील नोंद त्याच दिवशी, शाईने, खाडाखोड न करता करावी. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारून शेजारी योग्य आकडा आणि तारीख लिहावी.